किती किलो ते नंतर, किती पुढे ते आधी

वाचकाचं पत्र:

‘मी घरून अनुवादाचं काम करते. टेबलावर तीन मॉनिटर आहेत. दोन २७ इंची, पण वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि एक जुना २४ इंची. टेबल १६० सेंटिमीटर लांब, पण रुंद फक्त ६०, आणि भिंतीला लागून. तिन्ही स्टँडनी त्यातली इतकी जागा खाल्ली आहे की वही उघडायची तर कीबोर्ड मांडीवर घ्यावा लागतो. दोन मोठे शेजारी शेजारी आहेत, त्यातल्या उजवीकडच्यावर मी लिहिते, त्यामुळे दिवसभर मान उजवीकडे. आता तिन्ही भिंतीवर घ्यायचे ठरवलं आहे. मला तीन पर्याय दिसतात. टीव्हीला लावतात तसले सपाट ब्रॅकेट, ज्यांच्या खोक्यावर ५० किलो लिहिलेलं आहे. एकाच प्लेटमधून तीन हात निघतात तो आर्म. किंवा तीन वेगळे गॅस स्प्रिंगचे आर्म. भिंत विटांची असावी, पण टकटक केलं की काही ठिकाणी पोकळ आवाज येतो. टेबलाच्या उजवीकडे वीतभर अंतरावर कपाट आहे. काय घेऊ? आणि हो, पुढच्या वर्षी वरखाली होणारं, उभं राहून काम करता येईल असं टेबल घ्यायचा विचार आहे. त्याने काही फरक पडत नाही ना?

– तीन पडद्यांची धनीण’

धनीणबाई,

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलात, म्हणून तिथूनच सुरू करते. फरक पडतो. भरपूर पडतो. टेबल वर जाईल, तुम्ही उभ्या राहाल, आणि तिन्ही मॉनिटर बसल्या उंचीवर भिंतीला चिकटून राहतील. बसल्यावर डोळ्यांसमोर असलेला पडदा उभं राहिल्यावर छातीच्या खाली जातो. भिंतीवर वरखाली सरकणारे उभे ट्रॅक मिळतात, पण तीन पडदे रोज दोनदा सरकवायचे आणि पुन्हा एका रेषेत आणायचे, हे चौथ्या दिवशी बंद पडतं. तेव्हा ते टेबल नक्की येणार असेल तर हे पत्र इथेच बाजूला ठेवा आणि टेबलाच्या कडेला शिकंज्याने बसणारे आर्म घ्या. ते टेबलाबरोबर वर जातात, खाली येतात, भिंतीला एक भोक पडत नाही. आर्म मागे वळताना त्याचं कोपर भिंतीला लागतं, म्हणून टेबल भिंतीपासून थोडं पुढे ओढावं लागेल, इतकंच.

‘विचार आहे’ म्हणजे नुसताच विचार असेल, तर पुढे वाचा. आताचं टेबल जिथे आहे तिथेच राहणार, असं मी धरून चालते.

तुम्ही तिन्ही पर्याय किलोंवर तोलले आहेत. खोक्यावर ५० लिहिलं आहे, आपला मॉनिटर ५, म्हणजे दसपट पक्कं, असा हिशेब. पण तो आकडा ब्रॅकेटच्या लोखंडाचा आहे, तुमच्या भिंतीचा नाही. भिंतीला मॉनिटरचं वजन जितकं कळतं त्याहून जास्त त्याचं अंतर कळतं. भरलेली बादली अंगालगत धरा, मग हात लांब करून धरा. बादली तीच असते.

आकड्यांत सांगते. समजा ५ किलोचा मॉनिटर आर्म लांब करून भिंतीपासून ५० सेंटिमीटर पुढे आणला. प्लेटची खालची कड भिंतीला टेकलेली आहे आणि वरचे स्क्रू तिच्यापासून १० सेंटिमीटर वर आहेत. मग त्या वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर ओढणारा जोर ५ गुणिले ५० भागिले १०, म्हणजे २५ किलोइतका. आर्मचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही, आणि कोणी पडदा वळवताना दिलेला हिसकाही नाही. तोच मॉनिटर २० सेंटिमीटरवर आणा, ओढ १० किलोवर येते. म्हणून पहिला प्रश्न असा की तुमच्या पडद्यांना भिंतीपासून किती पुढे यायचं आहे. याचं उत्तर टेबल आणि डोळे देतात. दुकानदार देत नाही.

मधल्या पडद्यापासून मोजू. टेबल ६० सेंटिमीटर, बसल्यावर तुमचे डोळे टेबलाच्या कडेच्या थोडे मागे, म्हणजे भिंतीपासून साधारण ७० वर. पडदा ब्रॅकेटसकट भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे आला तर डोळ्यांपासून ६० वर पडतो. पडदा डोळ्यांपासून हाताच्या अंतरावर, ५० ते ७० सेंटिमीटर, असला की वाचायला बरा. म्हणजे तुमच्या मधल्या मॉनिटरला लांब आर्म लागतच नाही. भिंतीलगतचा छोटा, वरखाली थोडा कलणारा ब्रॅकेट बास झाला. टेबल ८० रुंद असतं तर मी उलट सांगितलं असतं. अरुंद टेबलाचा आजवर तुम्हाला फक्त त्रासच झाला, इथे त्याची मदत होते आहे.

बाजूच्यांचं तसं नाही. बाजूचा पडदा सपाट भिंतीला लावला तर त्याची लांबची कड तुमच्यापासून आणखी दूर जाते आणि तिरकी दिसते. म्हणून तो आत वळवायचा. २७ इंची पडदा चौकटीसकट साधारण ६१ सेंटिमीटर रुंद असतो. तो ३० अंशांत वळवला आणि आतली कड मधल्या पडद्याला लागून ठेवली, तर बाहेरची कड ३० सेंटिमीटर पुढे येते. पडद्याचा मध्य येतो १५ पुढे. मधला पडदा भिंतीपासून १० वर आहे, म्हणजे बाजूच्या पडद्याचा मध्य २५ वर, आणि मॉनिटरची जाडी वजा केली तर आर्मला पोचायचं आहे फक्त २० सेंटिमीटर. सपाट ब्रॅकेट हे करू शकत नाही, म्हणून तुमचा पहिला पर्याय बाजूच्यांसाठी बाद. आणि ६० सेंटिमीटर लांब जाणारा दणकट आर्मही घेऊ नका. लांब आर्म घेतला की तो कधीतरी पूर्ण ओढला जातोच, आणि मघाचं २५ किलोंचं गणित त्या दिवशी खरं होतं. दोन सांध्यांचा, आखूड, साधा पोलादी आर्म घ्या. त्याच्या डोक्याला कलणं, वळणं आणि ९० अंश फिरणं, तिन्ही हवं.

एक गोष्ट मात्र आर्म मागवण्याआधी तपासा. दोन सांध्यांचा आर्म अर्धवट दुमडलेला असतो तेव्हा त्याचं कोपर एका बाजूला बाहेर येतं. उजवीकडे वीतभरावर कपाट आहे म्हणता, तर कोपर तिकडे जाऊन आपटेल. उजव्या आर्मचं कोपर डावीकडे, मधल्या मॉनिटरच्या मागे वळेल अशी प्लेट बसवा. पण मधला पडदा भिंतीपासून १० सेंटिमीटरवरच आहे, तेव्हा दुमडलेल्या आर्मची जाडी त्या फटीत मावते का ते बघावं लागेल. नाही मावली तर सगळी मांडणीच डावीकडे सरकवा. टेबलाच्या मधोमध बसलंच पाहिजे असं कुठे आहे?

गॅस स्प्रिंग, म्हणजे मॉनिटरचं वजन तोलून धरणारी दाबाच्या वायूची नळी, हवी का? माझं मत, नको. ज्याला दिवसातून चारदा पडदा पुढेमागे, वरखाली करायचा आहे त्याच्यासाठी ती सोय छान आहे. तुम्ही एकदा लावणार आणि वर्षभर हात लावणार नाही. शिवाय गॅस स्प्रिंगला जास्तीत जास्त वजनाची मर्यादा असते तशी कमीत कमी वजनाचीही असते, आणि ती कोणी वाचत नाही. मॉनिटर त्याहून हलका निघाला की आर्म हळूहळू छताकडे निघतो. तुमचा २४ इंची स्टँड काढल्यावर तीनेक किलोंचाच निघेल. वजन कधीही ‘स्टँडशिवाय’ असं लिहिलेलं बघा. स्टँडसकटच्या आकड्यावर खरेदी केली की फसगत होते.

एका प्लेटमधून तीन हात हा पर्याय चित्रात सर्वात देखणा दिसतो, आणि समान मॉनिटर असले तर वाईटही नाही. पण तुमचे तीन मॉनिटर तीन तऱ्हेचे. एकाची उंची जुळवायला गेलात की दुसरा हलतो. आडव्या दांड्याच्या दोन्ही टोकांना वजन असल्याने काही महिन्यांनी टोकं खाली उतरतात, लांबून मिशा दिसाव्यात तशी. आणि तिन्ही मॉनिटरची सगळी ओढ भिंतीच्या एका वीतभर तुकड्यावर. तुमची भिंत पोकळ वाजते आहे, तिच्यावर इतका विश्वास नको.

आता त्या भिंतीबद्दल. टकटक करून पोकळ आवाज आला म्हणजे भिंत पोकळच आहे असं नाही. विटांच्या भिंतीवरचं प्लास्टर काही जागी विटेपासून सुटलेलं असतं, तिथेही तसाच आवाज येतो. खरं कळतं ते ड्रिलच्या भुकटीवरून. मॉनिटरच्या मागे झाकलं जाईल अशा जागी ६ मिलिमीटरचं एक परीक्षेचं भोक पाडा आणि खाली कागद धरा. आधी राखाडी प्लास्टर येईल, साधारण दीड-दोन सेंटिमीटर. त्यानंतर लाल भुकटी आली तर भाजलेली वीट. राखाडीच येत राहिली आणि ड्रिल कण्हायला लागलं तर काँक्रीटचा खांब किंवा तुळई. राखाडी-पांढरी, मऊ, आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर हलक्या वायुभरित काँक्रीटचा, म्हणजे एएसी ब्लॉक. पांढरी भुकटी थोडीशी आणि मग एकदम मोकळं, बिट आतच पडलं, तर जिप्समचं पार्टिशन.

विटेत साधी प्लास्टिकची गिट्टी (भोकात ठोकायची खोळ, जिच्यात स्क्रू घट्ट बसतो) आणि स्क्रू चालतात, पण गिट्टी अख्खी विटेत गेली पाहिजे. प्लास्टर हिशेबातच धरायचं नाही, ते नुसतं अंगावर घेतलेलं पांघरूण आहे. गिट्टी ५ सेंटिमीटरची असेल तर भोक ७ हून थोडं जास्तच लागेल. दोन विटांमधल्या सांध्यात भोक पडलं तर ते सोडून द्या. भिंत अर्ध्या विटेची असेल तर पलीकडच्या खोलीत बिट निघणार नाही एवढं बघा. बिटवर चिकटपट्टी गुंडाळून खूण केली की झालं. काँक्रीट सगळ्यात पक्कं, पण आत सळई लागली तर जोर करू नका, भोक दोन-तीन सेंटिमीटर सरकवा. एएसी ब्लॉकमध्ये ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर भोक भरकटतं, आणि त्या ब्लॉकसाठी बनवलेल्या लांब गिट्ट्याच घ्यायच्या. जिप्समच्या नुसत्या बोर्डावर आर्म लावूच नका. आतल्या उभ्या पट्ट्या शोधा, त्या सहसा ४० किंवा ६० सेंटिमीटरवर असतात, आणि स्क्रू त्यांतच घाला.

आणि भोक पाडण्याआधी विजेचा बोर्ड कुठे आहे ते बघा. भिंतीतल्या वायरी बहुतेक वेळा बोर्डापासून सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या जातात. टेबलामागे बोर्ड असणारच, तर त्याच्या नेमकं वरचा पट्टा सोडा. भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल तर पाइपही आठवा.

यातून माझी शिफारस, जी तुमच्या तीन पर्यायांत नव्हतीच: भिंतीवर आधी एक फळी लावा. १८ मिलिमीटर जाडीचं प्लायवुड, ३० सेंटिमीटर उंच आणि सव्वा मीटर लांब. ती आठेक ठिकाणी भिंतीला पक्की करा, जिथे भरीव आवाज येतो तिथे, तुम्हाला सोयीचं वाटतं तिथे नाही. मग तिन्ही ब्रॅकेट फळीवर, बोल्टने, मागून नट देऊन. नट मागे बसवायचे म्हणजे ब्रॅकेटची भोकं फळी भिंतीवर चढवण्याआधीच पाडावी लागतात, तेवढं मोजमाप जमिनीवर फळी आडवी टाकून करून घ्या. एका जागची ओढ आठ जागी वाटली जाते. पुढे मॉनिटर बदलला तर भिंतीला नवं भोक नाही. केबलच्या क्लिपा फळीत ठोकता येतात. फळीला भिंतीचाच रंग दिला की महिन्याभरात ती तुम्हाला दिसेनाशी होते.

उंचीचं काम खुर्चीपासून सुरू करा. खुर्ची तुमच्या नेहमीच्या उंचीवर, पाठ टेकलेली, आणि कोणाला तरी भिंतीवर तुमच्या डोळ्यांची रेष आखायला सांगा. मधल्या पडद्याची वरची कड त्या रेषेवर किंवा बोट-दोन बोटं खाली. चश्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचं आणि जवळचं एकाच काचेत असलेला, असेल तर आणखी खाली, नाहीतर हनुवटी वर करून वाचत राहाल. इथे एक सापळा आहे. मॉनिटरच्या पाठीवर चार भोकांचा चौकोन असतो, ७५ किंवा १०० मिलिमीटर बाजूचा. हे माप ठरवलं आहे व्हिडिओ इलेक्ट्रॉनिक्स स्टँडर्ड्स असोसिएशन या १९८९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने, म्हणून त्याला व्हेसा म्हणतात. चौकोनाचं माप ठरलेलं आहे, पण पाठीवर तो किती उंचीवर आहे हे दर मॉनिटरला वेगळं असू शकतं. त्यामुळे तिन्ही ब्रॅकेट पाणसळ लावून एका रेषेत बसवले तरी पडदे खालीवर दिसतात. प्रत्येक मॉनिटरची वरची कड ते चौकोनाचा मध्य हे अंतर वेगळं मोजा आणि ब्रॅकेटची उंची त्यावरून ठरवा. जुन्या २४ इंचीच्या पाठीला ती भोकं आहेत ना, हेही आधी बघा. काही मॉनिटरांत ती स्टँड काढल्यावरच दिसतात, काहींत नसतातच.

त्या भोकांत स्क्रू बहुधा एम-४ लागतात, आणि लांबी ब्रॅकेटच्या जाडीपुढे १० मिलिमीटरच्या आसपास. टीव्हीच्या ब्रॅकेटबरोबर आलेले लांब स्क्रू हाताशी होते, म्हणून मी एकदा तेच वापरले. शेवटच्या दोन वळशांना जरा जोर लागला, तो मी लावला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक पांढरट डाग उमटला तो आजही आहे, आणि पांढऱ्या पानावर लिहिताना रोज भेटतो. स्क्रू थांबला की थांबायचं. भोकं खोलगट असतील तर मध्ये स्पेसर, म्हणजे ती जागा भरणाऱ्या छोट्या नळ्या, घालायचे.

मांडणीचं म्हणाल तर मान उजवीकडे जाते याचं कारण मॉनिटर नाहीत, दोन पडद्यांमधली फट तुमच्या नाकासमोर आहे हे आहे. दोन्ही पडदे सारखेच वापरणाऱ्याला फट मध्ये चालते. तुम्ही लिहिता एकावर. तो पडदा सरळ समोर. मूळ मजकूर कुठे ठेवता ते पत्रात नाही, पण पानं वाचायची असतील तर डावीकडे २४ इंची उभा करून बघा, अख्खं पान एका नजरेत येतं. फक्त तो उभा केला की ५४ सेंटिमीटर उंच होतो. टेबलाला टेकता टेकता ठेवला तरी त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या दहाएक सेंटिमीटर वर जाते, कारण टेबल ७५ वर असतं आणि बसल्यावर डोळे साधारण १२० वर. वरच्या भागात न वाचायच्या गोष्टी ठेवा. दुसरा २७ इंची उजवीकडे, शब्दकोश आणि मेलसाठी.

केबलचं थोडक्यात: आर्म पूर्ण वळवून बघा, त्या स्थितीत केबल ताणली जात नाही एवढी ढील ठेवा, मगच बांधा. मधल्या मॉनिटरची पोर्टं सरळ मागे तोंड करून असतील तर भिंतीलगत प्लग बसणार नाही, काटकोनी प्लग लागेल. अडॅप्टरचे ठोकळे टेबलाच्या पोटाशी.

आणि ड्रिल हातात घेण्याआधी एक आठवडा द्या. मॉनिटरच्या मापाचे तीन पुठ्ठे कापा. मधला भिंतीवर चिकटवा, बाजूचे दोन पुस्तकांच्या चळतींना टेकवून त्या कोनात उभे करा. मूळ मजकुराचं एक पान डावीकडच्या पुठ्ठ्यावर टाचणीने लावा, आणि लॅपटॉप असेल तर मधल्या जागी ठेवून काम करा. कोणता पुठ्ठा तुम्ही आठवडाभर पाहिलाच नाही, ते लक्षात ठेवा. माझा संशय उजवीकडच्यावर आहे. तसं निघालं तर एक आर्म कमी घ्या, कपाटाचा प्रश्न आपोआप मिटेल आणि वही ठेवायला टेबलाची ती बाजू मोकळी राहील. काय निघालं ते जरूर कळवा.